रिसेप्शन सातचं, पण नवरी कितीला?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लगीनसराई तोंडावर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो, स्वागत समारंभाची वेळ. पत्रिकेवर सात छापायचे आणि साडेआठला स्टेज रिकामं, ही तक्रार देवगडपासून गुहागरपर्यंत सारखीच आहे. या खेपेची पाच पत्रं पुढे देत आहोत.

प्रश्न : मुलाचं रिसेप्शन मेमध्ये आहे. हॉल संध्याकाळी पाच ते अकरा मिळालाय, पत्रिकेवर सात ते दहा छापलंय, माणसं 600. थोरल्याच्या वेळी साडेदहापर्यंत स्टेजसमोर रांग होती आणि निम्मी माणसं न भेटताच जेवून गेली. यंदा काय बदलावं?
– एक वरपिता, रत्नागिरी

उत्तर : आधी रांगेचा हिशेब करू. 600 माणसं एकेकटी येत नाहीत. कुटुंबाने, वाडीने, ऑफिसने येतात. सरासरी तिघांचा गट धरला तर 200 गट झाले. पायऱ्या चढणं, नमस्कार, ‘हे आमचे अमके’, पाकीट, फोटो, उतरणं, एवढ्याला एका गटाची 40 सेकंदं सहज जातात. 200 गुणिले 40 म्हणजे 8,000 सेकंदं, सव्वादोन तासांना थोडीच कमी. नवरा-नवरी बरोब्बर सातला उभी राहिली तर रांग सव्वानऊला संपते. पावणेआठला आली तर दहा वाजतात, तेही मधे मित्रमंडळींनी केक आणला नाही तर. थोरल्याच्या वेळी बहुधा हेच झालं. रांग मोठी नव्हती, सुरू उशिरा झाली.

म्हणून वेळापत्रक सातपासून पुढे लिहू नका, सातपासून मागे लिहा. घरच्यांचे फोटो सातच्या आत संपायला हवेत. साधारण 15 गट (वधूचे आजोळ, वराचे आजोळ, काका-काकू, आत्या, मावश्या, भावंडं) आणि प्रत्येकी 3 मिनिटं, म्हणजे पाऊण तास. तो पावणेसहा ते साडेसहा ठेवा, वर 15 मिनिटं घाम पुसायला आणि पाणी प्यायला. म्हणजे नवरी पावणेसहाला तयार हवी. मेकअप, केस, साडी नेसवणं, दागिने आणि गजरा यांना मेच्या उकाड्यात अडीच तास लागतात. ती सव्वातीनला खुर्चीत बसली पाहिजे, आणि त्याआधी नीट जेवलेली पाहिजे. उपाशी नवरीला आठ वाजता स्टेजवर घेरी येते, हे फोटोग्राफरही सांगतील.

इथे एक अडचण हमखास येते. तुमचा हॉल पाचला मिळतो. सकाळच्या सत्रात दुसरं लग्न असेल तर वधूची खोली साडेचारपर्यंत त्यांच्याच सामानाने भरलेली असते. सव्वातीनचा मेकअप त्या खोलीत होणारच नाही. जवळच्या लॉजवर एक एसी खोली घ्या किंवा घरीच करा, आणि हॉलवर तयार होऊनच या. हॉलवाल्यांना पाच म्हणजे रिकामा आणि झाडलेला हॉल पाचला, हे तोंडी नको, पावतीवर लिहून घ्या. हॉल हाती येऊन पाऊण तासात पहिला फोटो काढायचा असेल तर सजावटवाल्याने आधी स्टेज हातावेगळं करावं, कमान आणि वाट नंतर. हे त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

घरच्यांच्या फोटोंची यादी कागदावर असू द्या आणि ती अशा माणसाच्या हातात द्या ज्याला दोन्हीकडचे चेहरे ठाऊक आहेत. फोटोग्राफरला मावशी कोण आणि मामी कोण हे कळत नाही. या कामाला आत्या सर्वांत उत्तम. तिच्या हाकेला ‘येतो गो’ म्हणून कोणी बसून राहत नाही.

स्टेजला दोन पायऱ्या मागा, एक चढायची, एक उतरायची. एकच पायरी असेल तर उतरणारे चढणाऱ्यांशी गप्पा मारतात आणि 40 सेकंदांचं मिनिट होतं. चढण्याच्या पायरीशी वरपक्षाचा एक आणि वधूपक्षाचा एक ओळख करून देणारा उभा करा, म्हणजे नवरीला ‘ओळखलंस का मला?’ या परीक्षेला बसावं लागत नाही. पाकिटं घ्यायला करवलीच्या खांद्याला कापडी पिशवी आणि हातात पेन द्या. बिननावाचं पाकीट तिथल्या तिथे नाव विचारून लिहिलेलं बरं. दुसऱ्या दिवशी आहेराच्या वहीत ‘501, कोणाचे?’ असं लिहिणं फार वाईट. फोटो दोनच क्लिक. सेल्फीवाल्यांना उतरल्यावर खाली वेगळी जागा आणि एक दिवा द्या.

जेवण साडेसातला उघडा. नवरा-नवरीची रांग संपेपर्यंत ताटं झाकून ठेवली की साडेनऊला एकाच वेळी 500 माणसं उठतात. आणि आपल्याकडची रीत लक्षात ठेवा. कोणी ‘चला, जेवून घ्या’ म्हटल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही. दोन तरुण पुतण्यांना तेवढंच काम द्या : म्हातारी माणसं, लहान पोरंवाले आणि लांबच्या वाडीतले यांना आधी जेवायला उठवायचं, रांगेत मागून उभं करायचं. नवरा-नवरी आणि दोन्हीकडचे आईवडील यांची ताटं पावणेनऊलाच बाजूला काढून ठेवायला सांगा. साडेनऊला गोड संपलेलं असतं.

प्रश्न : मुलीकडे राजापूर तालुक्यात लग्न, मुहूर्त 12 वाजून 20 मिनिटांचा. त्याच संध्याकाळी सात वाजता कुडाळला आमच्या खळ्यात (घरापुढच्या अंगणात) रिसेप्शन ठेवावं असं मुलगा म्हणतो. जमेल का?
– एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : सातला जमणार नाही. मोजून बघा. 12:20 ला अक्षता पडल्या की कन्यादान, होम, सप्तपदी धरून दोन वाजतात. व्याह्यांची पंगत सव्वातीनपर्यंत. पाठवणी ठरते साडेतीनची, निघते चारला, कारण मुलीची आजी आतल्या खोलीतून बाहेर यायला वेळ लागतो आणि तिला घाई करता येत नाही. गाड्या कुडाळला सहाच्या सुमारास. माप ओलांडणं, लक्ष्मीपूजन, नाव ठेवणं यांत पाऊण तास. मग नवरी कपडे बदलायला बसली, घाईत दीड तास. झाले सव्वाआठ. तोवर सातला आलेली माणसं खळ्यात डास मारत बसलेली.

आपल्याकडे दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायणाची पूजा असतेच. रिसेप्शन त्या संध्याकाळी ठेवा. पूजेला जोडी सकाळी साडेदहाला बसली की कथा-आरती धरून साडेबारा-एकला मोकळी. जेवण, दोन तास झोप, चारला तयारी, साडेसहाला खळ्यात. तीर्थप्रसाद दुपारपासून चालू ठेवायचा, येणारा माणूस आधी पूजेला नमस्कार करतो आणि मग जोडीला भेटतो, त्यामुळे गर्दी आपोआप पसरते. प्रसादाचं एक सांभाळा. सव्वा किलो रवा, तेवढंच तूप आणि साखर, दूध, केळी यांच्या शिऱ्याचे जेमतेम दीडशे द्रोण होतात. नैवेद्याचा सव्वाच्या मापाचा शिरा घरच्यांनी सोवळ्यात करावा, वाटपाचा वेगळा आचाऱ्याकडून करून घ्यावा आणि नैवेद्य दाखवल्यावर त्यात हा मिसळावा.

यात अडचण फक्त मुंबईहून येणाऱ्या मंडळींची. एक दिवस वाढला की परतीचं तिकीट बदलतं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 दिवस नाही. मेमधल्या कोकण रेल्वेच्या गाड्या त्या सकाळी काही मिनिटांत भरतात. म्हणून छापील पत्रिकेची वाट न बघता तारीख ठरली की लगेच, निदान 70 दिवस आधी, चाकरमान्यांना फोनवर दोन्ही दिवस सांगा. आणि रिसेप्शनच्याच रात्री गाडी पकडणारे किती, हे विचारून घ्या. त्यांची ताटं पहिली. आपली स्टेशनं गावापासून लांब आहेत आणि रात्री नऊनंतर रिक्षा मिळत नाही. दोन गाड्या स्टेशनच्या खेपांसाठीच राखून ठेवा, आणि त्यांच्या चालकांना आधी जेवायला घाला.

प्रश्न : 400 माणसं, घरचं खळं, मेचा पहिला आठवडा. सासऱ्यांना पंगतच हवी, मुलांना बुफे. बेत वडे-सागोती (कोंबडीचा रस्सा), सोलकढी आणि आमरस. काय, किती आणि कधी करायचं?
– एक गृहिणी, देवगड

उत्तर : पंगत आणि बुफे दोन्ही करा, पण वाटणी करून. खळ्यात एका वेळी 100 माणसं बसतात असं धरलं तर एक पंगत 40 मिनिटं, पानं उचलून टेबलं पुसून पुन्हा वाढायला 10. चार पंगतींना तीन तास वीस मिनिटं. सातला सुरू केलं तर शेवटची पंगत साडेनऊला बसते, आणि ती नेहमी शेजाऱ्यांची असते, ज्यांनी दिवसभर राबून मांडव घातला. हे बरं दिसत नाही. त्यापेक्षा सात वाजता 80 जणांची एकच पंगत : व्याही, वडीलधारे, भटजी. वाढपी चार. बाकीच्यांना साडेसातपासून बुफे. दोन काउंटर, दोन्ही बाजूंनी घेता येतील असे. एका बाजूने मिनिटाला चारेक माणसं पुढे सरकतात, म्हणजे चार बाजूंनी मिनिटाला 16. आमटी-भाताची रांग तुंबणार नाही. तुंबेल ती वड्यांशी.

वडे गरमच हवेत. अर्ध्या तासात ते चामट होतात, झाकून ठेवले तर त्याआधी. एका मोठ्या कढईत एका वेळी सात वडे आणि घाण्याला अडीच मिनिटं, म्हणजे तासाला 160-170. सागोती खाणारे 300 धरले आणि माणशी चार वडे, तर 1,200 वडे. तीन कढया अडीच तास सलग चालल्या तर जमतं. केटरर ‘दोन कढया पुरे, आधी थोडे तळून ठेवू’ म्हणेल. ऐकू नका. तिसरी कढई, तिसरी शेगडी आणि एक जास्तीचा सिलिंडर लिहून घ्या. पीठ दुपारी भिजवायचं, थापायला कढईमागे दोन बायका. कढया काउंटरच्या वाऱ्याखालच्या बाजूला ठेवा, नाहीतर संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्याने सगळा धूर आणि तेलाचा वास स्टेजवर.

सागोतीला हाडासकट माणशी 200 ग्रॅम, म्हणजे 60 किलो कोंबडी. भाताचे तांदूळ एकूण 30 ते 32 किलो, कारण वड्यांबरोबर भात कमी जातो. शाकाहारी 100 जणांना काळ्या वाटाण्याची उसळ करा, आणि तिचं काउंटर, डाव, वाढपी सगळं वेगळं. एकाच टेबलाच्या दोन टोकांना ठेवलं की आठ वाजेपर्यंत डाव इकडचे तिकडे झालेले असतात.

सोलकढीला माणशी 150 मिलिलिटर, म्हणजे 60 लिटर. मध्यम नारळाची साधारण लिटरभर कढी होते, तेव्हा 65 नारळ आणा, चार-पाच नासके निघतात. आगळ (आमसुलाचा खारवलेला रस) साडेचार-पाच लिटर. आगळात मीठ असतंच, म्हणून मीठ सर्वांत शेवटी, चाखून. पातेली स्टीलचीच. तांब्या-पितळेत आणि अॅल्युमिनियमच्या टोपात आमसुलाचा आंबटपणा धातूला खातो, कढीला कळकट चव येते. आणि वेळ महत्त्वाची : नारळाचं दूध मेच्या उकाड्यात चार-पाच तासांत आंबतं. म्हणून खवणं दुपारी तीनला सुरू, खवलेलं खोबरं लगेच फ्रीजमध्ये किंवा थंड खोक्यात, दूध साडेपाचला काढायचं, आगळ साडेसहाला घालायचं. सकाळी करून ‘हाताखालचं काम उरकलं’ म्हणणाऱ्यांची कढी संध्याकाळी फुटलेली दिसते.

गार करायला बर्फ पातेल्याच्या बाहेर, मोठ्या घमेल्यात. आत कधीच नाही. देवगडला बर्फाच्या लाद्या हाकेच्या अंतरावर मिळतात, पण त्या मासळीसाठी असतात, पिण्याच्या पाण्याच्या असतील असं नाही. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर असावा असा नियम आहे. पण पांढरा दिसला म्हणून तो खायचाच असंही समजू नका.

आमरसाला माणशी 100 ते 120 ग्रॅम. डझनभर मध्यम हापूसाचा, म्हणजे तीन किलोंचा, रस साधारण 1,600 ग्रॅम निघतो. 400 जणांना 45 किलो रस, 28 डझन फळ. वर दोन डझन ठेवा. आंबा नीट पिकलेला हवा म्हणून आढीतून काढायचा दिवस आंबेवाल्याशी ठरवा, लग्नाची तारीख सांगून. दोन दिवस आधी पिकला तर डाग पडतात, मागे राहिला तर रस आंबट आणि चिकट. रस दुपारी चारनंतर काढायचा, वाटीतूनच द्यायचा, काउंटरवर पातेलं उघडं ठेवायचं नाही. माश्या आमंत्रणाशिवाय येतात.

पाणी विसरू नका. मेमध्ये विहिरीचा तळ दिसत असतो. पिण्याला माणशी सव्वा लिटर, म्हणजे 20 लिटरचे 25 जार. धुण्या-पुसण्याचा टँकर आदल्या दिवशी संध्याकाळीच भरून घ्या. समारंभाच्या दिवशी टँकरवाला फोन उचलत नाही.

प्रश्न : गुहागरच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला रिसेप्शन करायचंय. पौर्णिमा धरली आहे, चंद्र मिळेल म्हणून. नाचायला बेंजोचा ताफाही आहे. काही सूचना?
– एक होणारी नवरी, सध्या मुंबई

उत्तर : पौर्णिमा सोडा. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे रात्री सव्वाअकराच्या सुमारास भरती, तीही उधाणाची. सव्वापाचपासूनच पाणी चढू लागेल आणि साडेदहाला टेबलांच्या पायाशी येईल. वद्य तृतीया-चतुर्थीला भरती दुपारी सव्वादोन-तीनची, आणि ओहोटी साडेआठ-नऊची. समारंभाच्या वेळी पुळण (किनाऱ्याची वाळू) मोकळी मिळते. चंद्र थोडा उशिरा उगवेल, तेवढं चालवून घ्या. ठोकताळ्यात पाऊण-एक तासाचा फरक पडतो, म्हणून जवळच्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यात त्या दिवसाची वेळ बघूनच तारीख पक्की करा. आणि काहीही झालं तरी वाळलेल्या काडीकचऱ्याची जी रेघ वाळूत दिसते तिच्या समुद्राकडच्या बाजूला खुर्ची मांडू नका. कालचं पाणी तिथवर आलेलं असतं.

सूर्य मेमध्ये सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाला. म्हणून एकच पत्रिका दोन्ही मोसमांत चालत नाही. किनाऱ्यावर फोटो हवे असतील तर जोडी मावळतीच्या तासभर आधी तिथे हवी. खरं सांगायचं तर आमचा सल्ला असा : तो एक तास किनाऱ्यावर काढा आणि समारंभ मागच्या नारळीच्या वाडीत करा. पुळणीवर मांडव घालायला ग्रामपंचायत, पोलीस आणि किनारा नियमन क्षेत्राच्या परवानग्या लागतात. मावळतीपर्यंत समुद्रावरून वारा असतो आणि फ्लेक्सचा पडदा त्यात शिडासारखा फुगतो. शिवाय गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मे. पिल्लं उजेडाकडे जातात. तुमचा फोकस समुद्रापेक्षा उजळ असला तर ती पाण्याऐवजी मांडवाकडे येतात. वाडीत, झाडांच्या आड, पिवळे आणि खाली वाकलेले दिवे लावा.

बेंजो रात्री दहाला बंद. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद सभागृहाखेरीज चालत नाही, आणि वाडी म्हणजे बंद सभागृह नव्हे. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्या 100 मीटरांत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं, तेही बघा. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आठवडाभर आधी काढा. नाच नऊला सुरू करून दहाला थांबवायला कोणी तयार होत नाही, म्हणून नाच आधी, आठला, आणि जेवण चालू असतानाच. बेंजोवाल्यांचं जेवण सव्वासातला उरकून घ्या.

प्रश्न : 24 मेला अंगणात मांडव आहे. पाऊस आला तर? वीज गेली तर?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : येईल असंच धरा. 2025 साली मान्सून 25 मेलाच देवगडपर्यंत पोचला होता. मान्सून नसला तरी वळीव असतोच, आणि तो सह्याद्रीच्या बाजूने दुपारी चार ते सातमध्ये येतो, नेमका तुमच्या तयारीच्या वेळी. कापडी मांडव थेंब पडले की पाण्याचं पोट धरतो आणि बांबूसकट बसतो. स्टेज आणि जेवणाचे काउंटर या दोन जागांवर तरी उतार दिलेला पत्रा किंवा जाड ताडपत्री घ्या, बाकीचं कापड चालेल. मांडवाभोवती वीतभर खोल चर खणा, नाहीतर शेणाने सारवलेल्या अंगणाचा चिखल होतो. स्टेज एक फूट उंच फळ्यांवर, वायर जमिनीवर नाही, वरून.

जनरेटर 15 केव्हीएचा दिवे, पंखे आणि माइकला पुरतो. पूर्ण भारावर तासाला चारेक लिटर डिझेल, म्हणजे पाच तासांना 20, कॅनमध्ये 25 ठेवा. संध्याकाळी पाच वाजता मुद्दाम मेन स्विच पाडून, सगळे दिवे आणि माइक लावून, तो 15 मिनिटं चालवून बघा. जनरेटर स्वयंपाकाच्या बाजूला नको, आणि गोठ्याच्याही नको. त्याच्या आवाजाला म्हैस दावं तोडते.